कोरडा जॉइंट

"हात नका लावू म्हणलं ना!"

मी ओरडले तसं अण्णांनी बोट मागं घेतलं. एकच बोट पुढं केलं होतं त्यांनी, पण मपल्या बापाची बोटं मला माहितीयेत. नळ दिसला की पिळून बघणार, पाईप दिसला की हलवून बघणार. लोकाच्या लग्नाला गेले तरी जेवायच्या आधी हात धुवायच्या बेसिनखाली वाकून येणार.

"हलतंय की गं हे," ते म्हणले.

"हलत नाय. तुम्ही हलवलं म्हणून हललं."

"आन् रिक्षात काय व्हईल? समदा रस्ता खोदून ठेवलाय. क्रांती चौक येईस्तोवर भुगा व्हईल याचा."

"होऊ द्या. मी परत लावीन."

"बापाशी जरा सरळ तोंडानं बोलत जा," आई कणीक मळता मळता म्हणली. "शाळा सुटली तव्हापासून जीभ लई मोकाट सुटली हिची."

शाळा सुटली नव्हती, मी सोडली होती. नववीत. गणिताच्या सरांनी माझी वही दोन बोटात धरून सगळ्या वर्गाला दाखवली आन् म्हणले, "बघा, गटारवाल्याची वही." मी डस्टर फेकून मारलं. सरांना लागलं नाय, मागं फळ्याला लागलं, पण खडूची सगळी धूळ त्यांच्या केसावर बसली. माफी माग म्हणले. मी दप्तर उचललं. त्याला आता दोन वर्षं होत आली. त्या दिवशी अण्णा मला एक शब्द बोलले नाय. आईच बोलली, ती आजून बोलतीये.

तर ती बिल्डिंग. आमच्या खोलीत पलंगाच्या पायथ्याशी, प्लायवूडच्या तुकड्यावर उभी होती. तीन मजले, माझ्या गुडघ्याच्या वर येईल एवढी. सगळी खेळण्यातल्या विटांची. लेकरं एकात एक दाबून घरं बनवतात ना, त्या प्लास्टिकच्या. पांढऱ्या भिंती, हिरव्या खिडक्या, गच्चीवर काळी टाकी. पांढऱ्या विटा कमी पडल्या म्हणून मागची भिंत पिवळी.

ह्या विटा आमच्या घरात कशा आल्या ते मी कोणाला सांगत नाय. अण्णा प्लंबर. कारभारी प्लंबर म्हणलं की मुकुंदवाडीत कोणीपण घर दाखवील. नवी लाईन टाकायची, जुनी तुंबलेली काढायची. सिडकोतल्या बंगल्यातली लेकरं संडासात काय काय टाकतात ते फक्त प्लंबरला माहिती. चमचे, गाड्या, बाहुलीचं मुंडकं, आन् सगळ्यात जास्त ह्या विटा. मालकीण नाकाला पदर लावून म्हणायची, "फेकून द्या ते." अण्णा फेकायचे नाय. बादलीत फिनाईल टाकून भिजवायचे, चार पाण्यानं धुवायचे, आन् खिशात घालून घरी आणायचे. मी असल्या विटांनी खेळून मोठी झाले. नंतर एका डॉक्टरीणबाईंचा पोरगा जर्मनीला गेला, तर तिनं त्याच्या सगळ्या विटा गोणीत भरून अण्णांना दिल्या. ती गोणी डोक्यावर घेऊन अण्णा गल्लीत शिरले तव्हा लोकांना वाटलं राशनचे गहू आलेत.

ह्या विटांवर पोट भरतं हे मला रईसानं सांगितलं. रईसा आमच्याच गल्लीतली, मोबाईलच्या दुकानात बसते. क्रांती चौकात एका बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर स्टुडिओ निघाला होता. तिथं दिवसभर हेच काम. नवरानवरीचे चेहरे बारीक विटांतून उभे करून फ्रेम करतात. दाताच्या डॉक्टरला हातभर उंच दात करून देतात. दिव्याच्या शेडा, दारावरच्या पाट्या. बिल्डर लोकांना त्यांच्या स्कीमचं मॉडेल. आन् त्यांना मॉडेल बनवणारी माणसं पाहिजे होती. "शिक्षणाची अट नाही." हे वाक्य मी रईसाच्या मोबाईलवर इतक्या वेळा वाचलं की ती म्हणली, "बस कर गं माँ, अक्षरं पुसून जातील."

आपण केलेलं मॉडेल घेऊन जायचं. त्यांच्यासमोर ते खोलायचं. ते सांगतील तो बदल करायचा आन् परत उभं करून दाखवायचं. एवढंच.

आन् नाय जमलं तर सोमवारपासून चिकलठाणा. बद्रीनाथ ठेकेदारानं आईला शब्द दिला होता. कंपनीत पॅकिंगला, उभ्यानं. आमच्या गल्लीतल्या पोरी जातात. सकाळी गाडीत बसतात तव्हा चिमण्यांसारख्या बडबडतात. संध्याकाळी उतरतात तव्हा कोणीच बोलत नसतं. मी ते रोज दारात बसून बघते.

पण मला भीती नव्हती. कारण माझ्या बिल्डिंगची खरी गंमत बाहेरून दिसतच नव्हती. एकेक मजला डब्याच्या झाकणासारखा उचलायचा, मागची पिवळी भिंत बाजूला काढायची, की आत पाईप. निळे पाण्याचे, राखाडी सांडपाण्याचे. टाकीपासून खाली, प्रत्येक घराच्या मोरीत, संडासात, स्वयंपाकघरात. लहानपणी आई धुण्याभांड्याला जायची तव्हा अण्णा मला साईटवर न्यायचे. वाळूच्या ढिगावर बसवायचे. प्लास्टर व्हायच्या आधी भिंतीतलं सगळं दिसायचं. अण्णा खोबणी करायचे, पाईप बसवायचे, दोऱ्यानं सरळ आहे का बघायचे. मग गवंडी यायचा आन् सगळं बुजवून टाकायचा. त्यांचं काम असंच. नीट झालं तर भिंतीत जातं, कोणाला दिसत नाय. चुकलं तरच बाहेर येतं, आन् मग शिव्या.

मी तेच केलं होतं. एन-टू सिडकोतली ती बिल्डिंग, जिचं सगळं काम अण्णांनी पहिल्यांदा स्वतःच्या नावावर घेतलं होतं. मी भिंतीकडं तोंड करून लावत बसायचे आन् उठताना वर आईचं जुनं लुगडं टाकायचे. अण्णांनी आतलं बघितलं नव्हतं. तिथंच, सगळ्यांसमोर उघडायचं असं माझं ठरलं होतं.

"पाणी आलं! पाणी आलं रे!" गल्लीतून ओरडा झाला. आठवड्यानं नळ आला होता. मी बिल्डिंगवर लुगडं टाकलं, हंडा आन् दोन ड्रम घेऊन पळाले. जाताजाता म्हणलं, "अण्णा, हात लावला तर बघा."

"नाय लावत, माय. जा."

नळावर नेहमीसारखी भांडणं. शेजारच्या फकिराची बायको पाईप सोडायला तयार नव्हती, माझं तिचं वाजलं. सगळं भरून, ओली होऊन मी घरी आले तर अण्णा अंघोळ करून, पांढरा सदरा घालून तयार. फडक्यानं बोटं पुसत होते. घरात सोल्युशनचा वास. पाईप जोडायला प्लंबर जो चिकट माल लावतात त्याचा. पण आमच्या घरात तो वास कधी नसतो? अण्णा स्वतःच त्या वासाचे आहेत.

"चल, मी येतो संगं," ते म्हणले.

"तुम्ही कशाला?"

"तुला एकटीला उचलंल का ते? आन् पोरीच्या नोकरीला बापानं जाऊ नाय व्हय?"

आईनं दोघांच्या हातावर साखर ठेवली. बापलेक निघालो.

शेअर रिक्षात मांडीवर प्लायवूड घेऊन अण्णा असे बसले होते जसं कोणाचं तान्हं लेकरू आहे. सेव्हन हिलच्या आधी रिक्षा एका खड्ड्यात अशी आदळली की शेजारच्या बाईची भाजीची पिशवी खाली सांडली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर बिल्डिंग जशीच्या तशी. टाकीसुद्धा हलली नव्हती.

"बघ," अण्णा म्हणले. "एक ईट जागची हलली का?"

मला वाटलं, काय पक्कं लावलंय मी. माझी मलाच शाबासकी दिली. त्या बाईला बटाटे पण उचलून दिले.

स्टुडिओच्या काचेच्या दाराबाहेर चपला काढायच्या होत्या. आत थंडगार. आन् भिंतीवर, खालपासून वरपर्यंत, पारदर्शक डबे. प्रत्येक डब्यात एकच रंग, एकच माप. पांढऱ्या विटांचेच सात-आठ डबे. मी आयुष्यात कधी इतक्या पांढऱ्या विटा एका जागी बघितल्या नव्हत्या. माझ्या अंगावर काटा आला. एका टेबलावर एक गोरा पोरगा एसटीची लाल बस खोलून परत लावत होता, आर्किटेक्चरच्या कॉलेजातला असावा, बॅगेवर लिहिलं होतं. हात बरे होते त्याचे. माझ्याइतके नाय.

"मनकर्णा?" एका बाईनं विचारलं. चष्मा, डोक्यावर ओढणी, हातात चहाचा कप. फहमिदा मॅडम. मॉडेलचं सगळं काम तीच बघते असं रईसानं सांगितलं होतं.

"व्हय. हो."

"जुनं नाव आहे छान. ये, इथे ठेव."

अण्णांनी बिल्डिंग टेबलावर ठेवली आन् भिंतीशी खुर्ची असताना उभेच राहिले. मॅडम चहूबाजूनं फिरली. वाकून खिडक्या बघितल्या. मागची पिवळी भिंत बघून थांबली.

"मागची पिवळी का?"

"पांढऱ्या संपल्या."

ती हसली. चांगलं हसली. "बरोबर. आमच्याकडेही संपतात. प्रमाण मस्त पकडलंयस. एलिव्हेशन कुठून शिकलीस?"

"बघून."

"आणि आत?"

मी ह्याच प्रश्नाची वाट बघत होते. "उघडून दाखवते," मी म्हणलं आन् अण्णांकडं बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते. मी टाकीसकट गच्ची दोन्ही हातांनी धरली आन् वर उचलली.

अख्खी बिल्डिंग वर आली. प्लायवूडसकट.

मॅडमला वाटलं मी चुकून उचलली. मी खाली ठेवली. परत फक्त गच्ची धरली, अंगठे कडेला लावले, दाबून वर. निघंना. मधला मजला. निघंना. मागची भिंत. नख घातलं, नख तुटलं. मला घाम फुटला. एसीत.

"थांब," मॅडम म्हणली. विटा काढायची त्यांच्याकडं एक नारंगी पट्टी असते, ती तिनं फटीत घातली. पट्टी वाकली. तिनं बिल्डिंग खिडकीच्या उजेडाला धरली आन् डोळे बारीक केले.

"हे चिकटवलंय."

"नाय मॅडम. मी कशाला चिकटवू?"

"इथे बघ. सगळ्या सांध्यांवर चकाकतंय. अगदी सफाईनं लावलंय." तिनं कप खाली ठेवला. आवाज बदलला तिचा, थोडा हळू झाला. "बेटा, असे तयार मॉडेल बाजारात मिळतात. चिकटवलेले. मागच्या आठवड्यातही एकानं आणलं होतं. खरं सांग, हे तू केलंस?"

"मग काय चोरून आणलं का?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तसंच म्हणलं तुम्ही!"

एसटीवाल्या पोराचे हात थांबले. आतल्या खोलीतून एक माणूस आला, दाढी, डोळ्याला चष्मा, गळ्यात मापाची टेप. ते मालक, गयास सर. "काय झालं?"

आन् तव्हा अण्णा पुढं आले. हात जोडून नाय. छाती पुढं काढून.

"साहेब, पोरीची काय चूक नाय. सोल्युशन मी लावलं."

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. मी पण.

"ही नळावर गेली तव्हा बारीक बरश फिरवला वरून. असली माल हाय साहेब, गरम पाण्याच्या लाईनीला लावतो तो. आत कायबी उघडलं नाय बरं का मी, हिनं सांगितलं होतं. फकस्त बाहेरून. एक थेंब ओघळू दिला नाय. आता तुम्ही ही बिल्डिंग गच्चीवरून खाली फेका. काय व्हणार नाय." ते माझ्याकडं बघून हसले. "बिनसोल्युशनचा, कोरडा जॉइंट सोडून मी आजवर कोणाच्या घरून उठलो नाय."

असं सांगत होते, जसं आता कोणीतरी टाळ्या वाजवणारे.

"अंकल," तो पोरगा म्हणला, "मग पाणी भरून पण बघा ना."

फहमिदा मॅडमनं त्याला डोळे वटारले, पण ओठ दाबून हसू गिळलं. मी बघितलं ते. मला असलं सगळं दिसतं, हेच माझं वाईट आहे.

"चाचा, आपने तो कमाल कर दी," गयास सर म्हणले. वाईट माणूस नव्हता. "क्या है ना, आमच्याकडं लावण्यापेक्षा काढणं जास्त. क्लायंट दहा वेळा सांगतो, हे हलवा, ते बदला. म्हणून आम्ही खोलून दाखवा म्हणतो." मग माझ्याकडं वळले. "कोई बात नहीं. तो पांढरा डबा घे. आत्ता इथंच कायतरी कर. छोटंसं. अर्ध्या तासात."

पांढरा डबा. त्यांनी माझ्यासमोर सरकवला पण. झाकण उघडलं.

मी करू शकले असते. जिना केला असता, अर्ध्या तासात वळणाचा जिना केला असता. पण मॅडम परत त्या पोराच्या टेबलाकडं बघत होती, आन् तो खाली मान घालून खांदे हलवत होता. माझ्या कानात नुसतं गरम झालं.

"नाय करत," मी म्हणलं.

"बेटा, गुस्से में—"

"बेटा नका म्हणू. आधी चोर म्हणायचं, मग परीक्षा घ्यायची. नाय करत मी. राहू द्या तुमच्या विटा."

बिल्डिंग उचलली आन् निघाले. दार पायानं ढकललं. चपलेत पाय नीट जात नव्हता तर एक चप्पल हातात घेतली.

जिन्यात अण्णा मागून आले. "अगं मने, थांब. मने! ते देतेत की डबा. कर की."

मी वळले. पहिल्या मजल्याच्या वळणावर. खालून क्रांती चौकातले हॉर्न ऐकू येत होते आन् मी त्या आवाजाच्या वर ओरडले.

"काहून लावलं? हात नका लावू म्हणलं होतं ना? माणसाला एकदा सांगितलेलं कळत नाय का?"

"रस्ता—"

"रस्ता गेला खड्ड्यात! खोलून दाखवायचं होतं ते! खोलायचंच होतं! सोमवारी कोण जाणारे कंपनीत उभं राहायला, तुम्ही?"

त्यांना कळलं तव्हा. असं हळूहळू, खालून वर पाणी चढावं तसं त्यांच्या तोंडावर चढलं.

"आन् आत काय होतं माहितीये का?" मी थांबू शकत नव्हते. "तुमचीच लाईन होती. एन-टूची. समदी. टाकीपासून खालपर्यंत. तीन महिने लावत होते मी. लोकांना दाखवायचं होतं, माझा बाप काय करतो ते. बुजवलं ना तुम्ही? गवंड्यासारखं बुजवून टाकलं."

वर जाणारा एक माणूस आमच्याकडं बघत गेला. अण्णांनी माझ्या हातातून बिल्डिंग घेतली. पायरीवर बसले. सदऱ्याच्या खिशातून मोबाईल काढला, टॉर्च लावली, आन् दुसऱ्या मजल्याच्या हिरव्या खिडकीला डोळा लावला. बोटाएवढी खिडकी. एक डोळा मिटून, मान वाकडी करून लई वेळ बघत बसले. मग तिसऱ्या मजल्याची खिडकी. मग खालची.

"निळी येगळी, राखाडी येगळी. दोन लाईनी घेतल्यात," ते म्हणले. "व्हय. दोनच होत्या तिथं."

माझं बोलून संपलं होतं.

ते उठले. बिल्डिंग माझ्या हातात दिली, सदरा झटकला, आन् परत वर निघाले.

"अण्णा, नका जाऊ."

गेले.

मी तिथंच उभी. मग वाटलं, काय बोलतील कोण जाणे, अजून लाज काढतील. म्हणून मागं गेले. काचेच्या दाराबाहेर थांबले. दार पूर्ण लागलं नव्हतं, आतलं ऐकू येत होतं.

अण्णा टेबलासमोर उभे होते. ह्या वेळी हात जोडलेले. "साहेब, चूक मपली हाय. लेकरू लई हुशार. फकस्त तापट. मपल्यासारखी नाय, तिच्या मायसारखी. तिला फकस्त एक डाव बसू द्या. मी खाली थांबतो, वर येतबी नाय."

"चाचा, मी तर म्हणलं ना, बस म्हणून. तीच गेली."

"तिला मी आणतो साहेब."

"आज आता बाकीचे लोक आहेत," मॅडम म्हणली. "असं तोंडावर दार आपटून गेल्यावर… क्लायंटसमोर असं केलं तर? बघू. पुढच्या वेळी जागा निघाली तर कळवू. नंबर आहे ना आमच्याकडं."

"बघा तेवढं, ताई."

"बघू."

अण्णा जागचे हलले नाय. माणसाला निघून जा म्हणायची पण एक पद्धत असते, ती त्या दोघांना येत नव्हती. मग गयास सरांनी टेप गळ्यातून काढली, परत घातली, आन् म्हणले, "चाचा, तुम्ही प्लंबिंगचं काम करता ना? आमचं हे बेसिन कालपासून तुंबलंय. कोणी मिळत नाय. जरा नजर टाकता का?"

मला वाटलं, नाय म्हणतील. मला खरंच वाटलं. पांढरा सदरा होता अंगात. अवजारांची पिशवी घरी होती.

"दावा की," अण्णा म्हणले.

आन् गेले. त्या कोपऱ्यातल्या बेसिनकडं असे गेले जसं कोणी जेवायला बोलावलंय. सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, खाली बसले, मग पाठीवर उताणे पडून बेसिनखाली शिरले. बादली मागितली. मॅडमनं कोपऱ्यातली कुंडीला पाणी घालायची बादली पायानं सरकवली. आता बाहेरून नुसते अण्णांचे पाय दिसत होते, टाचांना भेगा पडलेल्या. एसटीवाला पोरगा चहाला चालला होता. त्यानं वाट अडली म्हणून त्या पायांवरून पाय टाकला, दाराबाहेर येऊन मला बघितलं, आन् मोबाईलमध्ये बघत खाली गेला.

हातानंच बेसिनखालचा वाकडा पाईप, ट्रॅप, खोलला त्यांनी, पाना नव्हता तरी. काळं, केसाळ असं कायतरी बादलीत पडल्याचा आवाज आला. घाण वास आला. मॅडमनं ओढणी नाकाला लावली आन् आतल्या खोलीत गेली. अण्णा खालूनच बोलत होते, कोणी ऐकत नसताना. "वायसर गेलाय साहेब. हे बदलून घ्या. सध्यापुरता मी उलटा करून बसवतो. चालंल मैनाभर."

"हां हां चाचा," गयास सर लॅपटॉपवरून म्हणले.

"आन् पोरीचं तेवढं बघा."

"हो, हो. कळवू."

मला वाटलं आत जावं, त्यांच्या पायाला धरून ओढावं, चला म्हणावं, उठा, काय इज्जत आहे का नाय. तो पांढऱ्या विटांचा डबा आजून टेबलावर होता, झाकण उघडं. पण मी हलले नाय. हातातल्या बिल्डिंगचा प्लायवूड पोटात रुतत होता.

मग खालून त्यांचा आवाज आला, नेहमीचा, साईटवरचा, जणू मी वाळूच्या ढिगावर बसलेय आन् आजून पाच वर्षाची आहे.

"मने! ए मने! जरा नळ सोड गं."

गयास सरांनी मान वर केली. आतल्या खोलीच्या दारात मॅडम आली. दोघं काचेतून माझ्याकडं बघत होते.

मी बिल्डिंग पायरीवर ठेवली. चप्पल काढली. दार ढकलून आत गेले, थंड फरशीवरून, त्या डब्यांच्या भिंतीसमोरून, कोणाकडं न बघता. नळ सोडला.

"मोठा सोड."

मी मोठा सोडला. खाली अण्णा उताणे पडले होते, पांढरा सदरा खांद्यापासून कोपरापर्यंत काळा. मोबाईलचा उजेड आता तोंडात धरलेला, आन् दोन्ही तळहात जॉइंटखाली, थेंब पडतो का बघायला. पडत नव्हता.

"करू का बंद?" मी विचारलं.

त्यांनी मोबाईल तोंडातून काढला.

"थांब. जरा वाहू दे."